डिझेल नावाचा माणूस

आमच्या भित्तिपत्रकात दर महिन्याला एका थोर व्यक्तीचं चरित्र असतं. कर्मवीर भाऊराव पाटील झाले. क्रांतिसिंह नाना पाटील झाले. सावित्रीबाई फुले तर दोनदा झाल्या, कारण तिसरीच्या मुलींनीही त्यांचंच लिहून आणलं होतं. या महिन्यात माझी पाळी आली. मी गुरुजींना सांगितलं की मी डिझेलचं चरित्र लिहिणार. सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या मुलांनी तर विचारलं की मग रॉकेलचं चरित्र कोण लिहिणार. पण गुरुजी हसले नाहीत. कारण डिझेल हे खरोखर एका माणसाचं नाव आहे. मलाही हे द्राक्षांच्या हंगामापर्यंत ठाऊक नव्हतं.

गोष्ट अशी झाली. माझा मामा पिकअप चालवतो. आमचं गाव तासगाव तालुक्यात आहे आणि आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत माल काढला, पेट्या भरल्या आणि रात्री मामा आणि आण्णा (म्हणजे माझे वडील) वाशीच्या मार्केटला निघाले. सातारा मागं टाकल्यावर हायवेवर एका पंपावर मामानं गाडी उभी केली. आण्णा झोपले होते. मामा तोंड धुवायला गेला. पंपावरच्या पोरानं गाडीत डिझेलच्या ऐवजी पेट्रोल घातलं. पंपाचं नाव मी लिहीत नाही, कारण मामानंही पावती बघितली नाही, तशीच खिशात घातली. चूक दोघांची आहे.

आठ-दहा किलोमीटर गाडी बरी पळाली. मग खडखड करायला लागली, आचके द्यायला लागली आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडं बंद पडली. रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी दुसरा टेंपो मिळाला तेव्हा ऊन चढलं होतं. माल मार्केटला पोहोचला तोवर त्या दिवसाचा बाजार होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी मणी गळालेल्या पेट्या बाजूला काढल्या आणि उरलेल्यांचा भाव पडून मिळाला. त्या पैशांतून आण्णा सोसायटीचा हप्ता भरणार होते. घरी आल्यावर आण्णा जेवले नाहीत. आई काही बोलली नाही. मामाची गाडी नऊ दिवस गॅरेजात पडून होती.

मला एक गोष्ट कळेना. पेट्रोल तर डिझेलपेक्षा महाग. महागाचं घातलं तर गाडी जास्त पळायला पाहिजे, बंद का पडली? मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले की डिझेलची गाडी पेट्रोल पचवू शकत नाही. म्हशीला पुरणपोळी घातली तर ती आजारी पडते तसं. मला पटलं नाही. म्हणून मी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी आधी मला रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट सांगितली आणि वाचायला पुस्तकही आणून दिलं. तीच गोष्ट मी इथं लिहिते आहे. ते लहान आहेत तोवर मी त्यांना तो म्हणणार आहे आणि मोठे झाले की ते म्हणणार आहे.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. पॅरिस फ्रान्समध्ये आहे, पण त्याचे आईवडील जर्मन होते. वडिलांचं नाव थिओडोर आणि आईचं नाव एलिझ. वडील आधी पुस्तकं बांधायचे, नंतर चामड्याच्या वस्तू करायला लागले. घरची परिस्थिती बेताची होती. रुडॉल्फ हातगाडीवर वडिलांचा माल घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. म्हणजे त्याची पहिली गाडी ही अशी होती. तिला इंधन लागत नव्हतं, फक्त भाकरी लागत होती.

त्याला यंत्रांचा फार नाद. पॅरिसमध्ये यंत्रांचं एक मोठं संग्रहालय आहे. तिथं जाऊन तो तासनतास उभा राहायचा आणि यंत्रांची चित्रं काढायचा. तिथं वाफेवर चालणारी एक फार जुनी गाडीही ठेवलेली आहे. असं सांगतात की एकदा त्यानं घरातलं घड्याळ खोललं, पण त्याला ते परत जोडता आलं नाही. तेव्हा त्याला शिक्षा झाली आणि घरचे सगळे रविवारचे फिरायला गेले तरी त्याला घरीच राहावं लागलं. हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या घरच्या रेडिओचं मी काय केलं हे इथं लिहीत नाही.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मन लोकांचं युद्ध सुरू झालं. पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. काल शेजारी असलेली माणसं एका दिवसात परकी झाली. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथं काम मिळेना, खायची पंचाईत झाली. मग आईवडिलांनी रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्ग या गावी नातेवाइकांकडं पाठवायचं ठरवलं. तेव्हा तो १२ वर्षांचा होता. म्हणजे आमच्या शाळेत असता तर सातवीत असता. बारा वर्षांचा मुलगा युद्ध चालू असताना एकटा प्रवास करत, समुद्र ओलांडून, थंडीत कित्येक दिवसांनी तिथं पोचला. मी अजून एकटी सांगलीलाही गेलेली नाही.

ऑग्सबर्गला त्याला चांगली शाळा मिळाली. ज्यांच्या घरी तो राहत होता ते बार्निकेल काका गणिताचे शिक्षक होते. चौदाव्या वर्षी रुडॉल्फनं आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की मी इंजिनिअर होणार. त्या शाळेत त्यानं एक गंमत पाहिली असं म्हणतात. एक काचेची नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या. नळीत कापसासारखं काहीतरी ठेवायचं आणि दट्ट्या जोरात आत ढकलायचा. आत जाळ होतो! काडी नाही, गारगोटी नाही, नुसती हवा दाबून जाळ. मलेशिया, इंडोनेशियाच्या बाजूचे लोक पूर्वी अशा नळीनं विस्तव पेटवायचे.

हे खोटं वाटत असेल त्यांनी खाली बघावं. भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर आम्ही सायकलचा पंप ठेवला आहे. त्याच्या नळीचं तोंड बोटानं दाबून धरा आणि वीस वेळा जोरात मारा. मग पंपाच्या बुडाला हात लावा. पालकांनीही लावला तरी चालेल. गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. आमच्या वर्गात ३१ मुलं आहेत. आम्हाला सगळ्यांना एकाच बाकावर कोंबलं तर जसं गरम होईल, तसंच हवेचं होतं, असं माझं मी ठरवलं आहे. गुरुजी म्हणाले की अगदी तसं नाही, पण चौथीपुरतं चालेल.

पुढं रुडॉल्फ म्युनिक शहरातल्या मोठ्या कॉलेजात गेला. आता ते मोठे झाले. तिथं त्यांना लिंडे नावाचे प्राध्यापक होते. बर्फ करायचं यंत्र काढणारे प्रसिद्ध शास्त्रज्ञ ते हेच. एकदा लिंडे सरांनी शिकवताना सांगितलं की वाफेचं इंजिन जेवढा कोळसा खातं त्यातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही कामाला येत नाही. बाकी सगळी धुराड्यातून वाया जाते. डिझेल यांनी वहीच्या कडेला टिपून ठेवलं की याच्यावर काहीतरी केलं पाहिजे. बाकीच्या मुलांनीही तेच वाक्य ऐकलं असणार. पण ते डिझेल यांच्या डोक्यात जे बसलं ते पुढं चौदा-पंधरा वर्षं गेलं नाही.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी १८७९ मध्ये त्यांना विषमज्वर झाला आणि परीक्षा चुकली. त्यांनी १८८० च्या जानेवारीत ती दिली आणि फार मोठ्या गुणांनी पास झाले. मग लिंडे सरांनी त्यांना पॅरिसला बर्फाच्या कारखान्यात कामाला पाठवलं. १८८३ मध्ये मार्टा यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना तीन मुलं झाली. दिवसा ते बर्फ करायचे आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा विचार करायचे. काही वर्षं त्यांनी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायची खटपट केली. ते जमलं नाही.

शेवटी त्यांना वाटलं की इंजिनात नुसती हवा घ्यावी. ती एवढी दाबावी, एवढी दाबावी की ती स्वतःच लाल व्हायची वेळ यावी. मग त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारावा. म्हणजे ठिणगीची गरजच नाही, इंधन आपोआप पेटेल. हेच ते काचेच्या नळीचं. फेब्रुवारी १८९३ मध्ये त्यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे ही युक्ती यांची आहे, दुसऱ्यानं विचारल्याशिवाय करू नये, असा सरकारी कागद. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्यानं त्यांना जागा आणि कारागीर दिले. क्रुप या मोठ्या पोलाद कंपनीनंही पैसे घातले.

आता या चरित्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग आला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिलं इंजिन पेटवून बघायचं ठरलं. त्या दिवशी त्यांनी त्यात कोणतं इंधन घातलं असेल? पेट्रोल! म्हणजे खुद्द डिझेल यांनी डिझेल इंजिनात पेट्रोल घातलं. मोठा धडाका झाला. दाब मोजायचं यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचले. मी हे पुस्तकात वाचलं तेव्हा पळत जाऊन मामाला सांगितलं. मामा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. त्या धडाक्यानंतर मात्र डिझेल यांना आनंदच झाला, कारण हवेच्या दाबानं इंधन पेटतं हे तर सिद्ध झालं होतं. मामाच्या गाडीनं असं नवीन काही सिद्ध केलं नाही.

मग त्यांनी इंजिन सुधारलं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते आपल्या आपण चाललं. किती वेळ? एक मिनिट. त्या मिनिटात चाकाचे ८८ फेरे झाले. पुढं आणखी तीन वर्षं गेली. फवारा बरोबर पडेना, सांध्यांतून हवा गळायची, धूर यायचा. पहिल्या विचारात तर त्यांना कोळशाची बारीक भुकटी जाळायची होती, ते सोडून द्यावं लागलं. शेवटी फेब्रुवारी १८९७ मध्ये श्र्योटर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांच्या नव्या इंजिनाची परीक्षा घेतली. इंजिन माणसापेक्षा उंच, सुमारे दहा फूट होतं. वीस घोड्यांच्या जवळपास ताकद होती. त्या परीक्षेत इंजिनाला २६.२ टक्के मिळाले. आमच्या शाळेत तेवढ्यात नापास करतील, पण इंजिनाच्या जगात हा पहिला नंबर होता. १०० रुपयांचं इंधन जाळलं तर वाफेचं इंजिन १० रुपयांच्या आसपास काम करायचं, हे २६ रुपयांचं करत होतं. आणि त्या परीक्षेत त्यात काय घातलं होतं? दिव्यात जाळतात ते रॉकेल. तेव्हा रॉकेलचं चरित्र कोण लिहिणार असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

तेव्हा डिझेल नावाचं इंधन नव्हतंच. आधी माणसाचं नाव इंजिनाला पडलं आणि मग त्या इंजिनाला चालेल अशा तेलाला पडलं. जमिनीतून निघालेलं कच्चं तेल तापवलं की वेगवेगळ्या उष्णतेला त्यातून वेगवेगळी तेलं निघतात. हलकं ते पेट्रोल. मग रॉकेल. त्याहून जड ते डिझेल. त्याच्याही खाली उरतं त्यात रस्त्याचं डांबर येतं. माझी आजी अजून डिझेलला क्रूड म्हणते.

आता मिस्त्रींच्या पुरणपोळीचं उत्तर. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र जाते आणि प्लग ठिणगी टाकतो तेव्हाच ती पेटायला पाहिजे, आधी नाही. म्हणून पेट्रोल असं असतं की नुसत्या दाबानं सहजासहजी पेटत नाही. डिझेलच्या इंजिनात प्लगची ठिणगीच नाही. तिथं हवा पंधरा ते वीस पट दाबतात आणि ती ५०० अंशांच्याही वर तापते. पाणी तर १०० अंशाला उकळतं. त्यात डिझेलचा फवारा पडला की लगेच पेटतो. तिथं पेट्रोल गेलं तर ते वेळेवर पेटत नाही, भलत्याच वेळी पेटतं, म्हणून खडखड होते. आणखी एक. डिझेल थोडं तेलकट असतं. ते फवारा मारणाऱ्या पंपाला वंगणासारखं उपयोगी पडतं. पेट्रोल कोरडं. ते वंगण धुऊन काढतं आणि लोखंडावर लोखंड घासतं. मामाच्या गाडीचा पंप आणि नोझल यामुळंच गेले. मिस्त्रींनी सांगितलं की चुकून भरलं तर चावी फिरवायचीच नाही. गाडी ढकलत बाजूला न्यायची आणि टाकी रिकामी करायची. मग खर्च थोडक्यात भागतो. उलटं केलं, म्हणजे मोटारसायकलमध्ये डिझेल घातलं, तर प्लग ओला होतो, धूर येतो आणि ती बंद पडते. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एवढा भाग घरी सांगावा.

१९०० साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं डिझेल इंजिनाला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. ज्या शहरातून बारा वर्षांचा असताना त्यांना जावं लागलं होतं त्याच शहरात. तिथं एका कंपनीनं आणलेलं एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालत होतं! आपल्या भुईमुगाच्या शेंगांचं तेल. फ्रान्सच्या सरकारला वाटत होतं की आफ्रिकेत भुईमूग पिकतो, तिथल्या लोकांनी आपल्या शेतातल्या तेलावर इंजिन चालवावं. ते इंजिन इतकं सरळ चाललं की आत शेंगतेल आहे हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं. डिझेल यांनी पुढं स्वतःही असे प्रयोग केले. १९१२ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की आज झाडांपासूनच्या तेलाला कुणी विचारत नाही, पण पुढं त्याचं महत्त्व वाढेल.

हे आजीला वाचून दाखवलं तर आजी म्हणाली की शेंगतेलाचा आताचा भाव त्या माणसाला ठाऊक नव्हता. शिवाय शेंगतेल जाड असतं. आजकालच्या बारीक नोझलमध्ये ते तसंच घातलं तर नोझल बुजतं. म्हणून तेलावर प्रक्रिया करून ते पातळ करतात, त्याला बायोडिझेल म्हणतात. त्यामुळं कुणी घरी प्रयोग करू नये. मी विचारून बघितलं होतं, आईनं तेलाचा डबा वर ठेवला.

डिझेल यांना पैसा पुष्कळ मिळाला. अमेरिकेत इंजिन करायच्या हक्कासाठी बुश नावाच्या व्यापाऱ्यानं १८९७ मध्ये त्यांना १० लाख मार्क दिले. मार्क म्हणजे जर्मनीचे तेव्हाचे रुपये. त्यांनी म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. पण सुरुवातीची इंजिनं वरचेवर बंद पडायची. गिऱ्हाइकं तक्रारी करायची. काही लोकांनी ही कल्पना यांची नाहीच म्हणून कोर्टात भांडण लावलं. कामानं आणि काळजीनं त्यांची तब्येत बिघडली, डोकं सारखं दुखायचं. त्यांनी जमिनीच्या व्यवहारात पैसे घातले, ते बुडाले. इंजिन चांगलं चालायला लागलं होतं आणि इंजिन करणारा कर्जात चालला होता. १९१२ मध्ये सेलान्डिया नावाचं मोठं जहाज डिझेल इंजिनावर समुद्र ओलांडून गेलं. लोकांनी वाहवा केली. डिझेल यांच्या बँकेत तेव्हा फार काही उरलं नव्हतं. बाहेर कुणाला हे ठाऊक नव्हतं. ते चांगले कपडे घालून सभांना जायचे.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसले. इंग्लंडला एका कंपनीच्या सभेला चालले होते. रात्री सोबत्यांबरोबर जेवले, बोलले आणि सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून आपल्या खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती. अंथरूण मोडलेलं नव्हतं. त्यांची टोपी आणि घडी केलेला कोट बोटीच्या कठड्याजवळ सापडला. दहा-बारा दिवसांनी समुद्रात एका माणसाचं शव मिळालं. त्याच्या खिशातल्या वस्तू, चष्म्याची पेटी वगैरे, त्यांचा मुलगा ऑयगेन यानं ओळखल्या. ते पाण्यात कसे गेले यावर लोकांनी नाना तर्क केले. काहींनी कर्जाचं कारण सांगितलं, काहींनी घातपात म्हटलं, काहींनी अपघात म्हटलं. जाण्याआधी त्यांनी पत्नीकडं एक बॅग ठेवायला दिली होती आणि आठवडाभर उघडू नका असं सांगितलं होतं. तिच्यात रोख मार्क होते आणि बँकेत काही नसल्याचे कागद होते. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

हा भाग मी घरी मोठ्यानं वाचला तेव्हा आण्णा विडीबिडी काही न ओढता नुसतेच ओट्यावर बसले होते. त्यांनी मला विचारलं की त्या माणसानं घरात कुणाला कर्जाचं सांगितलं नव्हतं का. मी म्हटलं पुस्तकात तसं नाही. त्या रात्री आण्णांनी सोसायटीचा कागद काढून आईला आणि मामाला दाखवला. आजीलाही. किती देणं आहे ते मलाही कळलं. आकडा मी इथं लिहीत नाही. आजीनं तिच्या पाटल्यांचं काहीतरी सांगितलं, आई नको म्हणाली, मग मामा म्हणाला की पुढच्या खेपांचं भाडं तो घेणार नाही. मग सगळे जेवायला बसले.

डिझेल यांनी डिझेलचे ट्रक रस्त्यानं पळताना पाहिले नाहीत. त्यांच्या वेळी इंजिन फार जड होतं, ते कारखान्यात आणि जहाजातच बसायचं. डिझेलवरचे ट्रक १९२३-२४ नंतर निघाले आणि बाजारात मिळणारी पहिली मोटार १९३६ मध्ये.

आपल्या भागात मात्र डिझेल इंजिन विहिरीवरून ओळखीचं झालं. किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर हा कारखाना काढला. तिथं आधी लोखंडी नांगर झाले, मग पाण्याचे पंप झाले. औंध गाव सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगली जिल्ह्यात, म्हणून दोन्ही जिल्हे वाडी आपलीच म्हणतात. किर्लोस्करांची ऑइल इंजिनं करायची कंपनी १९४६ मध्ये पुण्याला निघाली. साताऱ्याकडं सातारा रोडला कूपर कारखान्यातही डिझेल इंजिनं व्हायची. त्याचे मालक धनजीशा कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना पंतप्रधान म्हणत, हे परीक्षेत येऊ शकतं.

आमच्या विहिरीवरही ऑइल इंजिन होतं. मी ते पाहिलं ते गोठ्याच्या मागं गंजलेलं. आजी सांगते की ते चालू करायला आजोबा आधी डोक्यावरची एक बारीक मूठ उचलून धरायचे. मग हँडल घालून चाक गरागरा फिरवायचे. वेग आला की मूठ सोडायची, आणि इंजिन टुक टुक टुक करत सुरू. पूर्वी मोटेला बैल दिवसभर राबायचे, ते इंजिन आल्यावर सुटले. आजीला त्या मुठीचं काम काय ते ठाऊक नव्हतं. ते मी तिला सांगितलं. मूठ वर असली की आतली हवा बाहेर पळते, म्हणून चाक हलकं फिरतं. मूठ सोडली की वाट बंद होते, हवा दाबली जाते, तापते आणि क्रूड पेटतं. आजी म्हणाली की चाळीस वर्षं ते इंजिन ऐकलं, पण आत काय चाललंय ते आज कळलं.

आता विहिरीवर विजेची मोटर आहे आणि इंधनंही पुष्कळ झाली आहेत. पेट्रोलमध्ये उसापासूनचं इथेनॉल मिसळतात. २०२५ सालापर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. म्हणजे आमच्या भागातला ऊस कारखान्यात जातो आणि त्यातला थोडा लोकांच्या मोटारसायकलीत जाऊन बसतो. सी.एन.जी. हा वायू आहे, त्यालाही पेट्रोलसारखी ठिणगी लागते. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली आणि त्याच रस्त्यावर १ जून २०२२ ला विजेवरची शिवाई धावली. तिच्यात हवा दाबायची नाही, ठिणगी नाही, धूर नाही. तासगावच्या स्टँडवर मात्र अजून डिझेलचाच वास येतो.

मामाची पिकअप दुरुस्त होऊन आली. मामानं टाकीच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात डिझेल असं लिहिलं. मी त्याला सांगितलं की खाली १८५८ ते १९१३ असंही लिही, म्हणजे त्यांची आठवण राहील. मामानं ब्रश खाली ठेवला. तो म्हणाला की उद्या गाडी विकायला काढली तर लोकांना ते गाडीचं मॉडेल वाटेल.